‘उठलो असतो’चं स्पॅनिश: से-वाली क्रियापदं आणि ‘ईआ’

प्रश्न थोडक्यात असा. रावेरकडच्या एका केळीच्या पॅकहाऊसमध्ये काम करणारा तरुण दीड वर्षापासून स्पॅनिश शिकतो आहे. ‘से’वाली, म्हणजे रिफ्लेक्झिव्ह क्रियापदं त्याला येतात. ‘ईआ’ लावून होणारा कंडिशनल, म्हणजे ‘केलं असतं’सारखं रूपही येतं. पण दोन्ही एका वाक्यात आले की गाडं अडतं. त्याने तीन वाक्यं लिहून पाठवली आहेत. तिन्हींवर शिकवणाऱ्याने लाल रेघ मारली, कारण मात्र सांगितलं नाही.

‘सी मे लेवान्तारीआ तेंप्रानो, नो मे पेर्देरीआ एल त्रेन.’ म्हणायचं होतं: लवकर उठलो असतो तर गाडी चुकली नसती.

‘दे निन्योस नोस लेवान्तारीआमोस आ लास सिंको.’ म्हणायचं होतं: लहानपणी आम्ही पाचला उठायचो.

‘एल सेन्योर दीहो के मे केदारीआ दोस दीआस.’ म्हणायचं होतं: साहेब म्हणाले, मी दोन दिवस थांबेन.

भाऊ, आधी चांगली बातमी. तिन्ही वाक्यांत ‘ईआ’ नीट लागलेला आहे आणि ‘मे’, ‘नोस’ क्रियापदाच्या आधी, म्हणजे बरोबर जागीच ठेवलेले आहेत. तुमची रूपं चुकलेली नाहीत, वाट चुकली आहे. तुम्ही मराठीतून इंग्रजीत गेलात आणि तिथून स्पॅनिशमध्ये. इंग्रजीत ‘वुड’ दिसला की इकडे ‘ईआ’ चिकटवला. जळगावहून भुसावळला जायला कुणी धुळ्याची एसटी पकडत नाही. मी बावीस वर्षं स्पॅनिश शिकवते आहे, मधल्या काळात केळीच्या बागांमध्ये दुभाष्याचं कामही केलं. या विषयात मराठी माणसाला इंग्रजीची गरज नाही, उलट तिची अडचणच होते, हे माझं मत दर वर्षी पक्कं होत चाललं आहे.

रूपांचा भाग लवकर उरकते, कारण तो खरोखर सोपा आहे. मूळ क्रियापद जसंच्या तसं ठेवायचं आणि मागे शेपूट लावायचं: ईआ, ईआस, ईआ, ईआमोस, ईआइस, ईआन. शेवटी आर, एर, ईर असणाऱ्या तिन्ही गटांना शेपटं हीच. पुढे त्या त्या माणसाचा से-शब्द ठेवायचा. उठणे म्हणजे लेवान्तारसे, त्याचं होतं मे लेवान्तारीआ, ते लेवान्तारीआस, से लेवान्तारीआ, नोस लेवान्तारीआमोस, ओस लेवान्तारीआइस, से लेवान्तारीआन. सहाही रूपांत जोर ‘ई’वर, आणि लिहिताना त्या आयच्या डोक्यावर तिरकी रेघ हवीच. ‘ओस’चं रूप स्पेनमध्ये लागतं. तुमचे पाहुणे इक्वाडोरचे असतील तर अनेकांना बोलताना ‘उस्तेदेस (तुम्ही सगळे) से लेवान्तारीआन’ एवढंच पुरे.

वर्तमानकाळात ज्या क्रियापदांचं पोट, म्हणजे मधला स्वर, बदलतं ती इथे अगदी गुण्यागोविंदाने वागतात. मे अक्वेस्तो, पण मे आकोस्तारीआ. मे देस्प्येर्तो, पण मे देस्पेर्तारीआ. मे द्वेर्मो, पण मे दोर्मिरीआ. शेपूट मूळ रूपालाच लागतं आणि जोर शेपटाकडे जातो, म्हणून पोट बदलायचं कारणच उरत नाही. हट्टी क्रियापदं जेमतेम डझनभर, आणि त्यातली से घेऊन रोज भेटणारी हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. पोनेर्सेचं मे पोंद्रीआ (अंगात घातलं असतं, किंवा अमुक अवस्था झाली असती), देतेनेर्सेचं मे देतेंद्रीआ (थांबलो असतो), सालीर्सेचं से साल्द्रीआ (बाहेर सांडेल, गळेल), आसेर्सेचं से आरीआ (बनेल, होईल). ईर्से मात्र भोळं आहे, सरळ मे इरीआ. रेईर्से, म्हणजे हसणे, याच्या मूळ रूपातल्या आयवर रेघ असते. ‘मे रेइरीआ’ लिहिताना ती रेघ शेपटातल्या आयवर जाते, पहिल्या आयवर राहत नाही. माझे जुने विद्यार्थीसुद्धा इथे दोन रेघा ओढून ठेवतात.

तुम्ही म्हणता की एकत्र आले की अवघड जातं. मला वाटतं एकत्र आले की सोपं जातं. नुसतं ‘लेवान्तारीआ’ ऐकलं तर उचलणारा मी की तो, ते कळत नाही, कारण दोघांचं रूप एकच. ‘मे लेवान्तारीआ’ म्हटलं की मी, ‘से लेवान्तारीआ’ म्हटलं की तो, ती किंवा उस्तेद, म्हणजे आदराचं ‘तुम्ही’. से-शब्दाने तुमचा निम्मा घोळ आधीच मिटवलेला असतो.

दुसरा फायदा मला फार उशिरा कळला, आणि तो चांगलाच लक्षात राहिला. सेंतारसे म्हणजे बसणे, सेंतीर्से म्हणजे वाटणे, जाणवणे. वर्तमानकाळात दोन्हींचं ‘मे स्येंतो’ होतं, काही फरक नाही. कंडिशनलमध्ये मात्र मे सेंतारीआ आणि मे सेंतिरीआ असे दोन सवते संसार होतात. दुभाषी म्हणून माझी ती पहिलीच बाग होती. वैशाखातली दुपार, केळीच्या कांदेबागेतून फिरून आलेले इक्वाडोरचे पाहुणे घामाने निथळत होते. शेतमालकाने निंबाखाली बाज टाकली आणि मला म्हणाला, “ताई, साहेबांना सांगा, इथे बसता का?” मी अदबीने विचारलं, “¿से सेंतिरीआ उस्तेद आकी?” म्हणजे ‘तुम्हाला इथे वाटेल का?’ पाहुण्याने माझ्याकडे पाहिलं, बाजेकडे पाहिलं, कपाळ पुसलं आणि म्हणाला, “मे सेंतिरीआ मेहोर कोन आग्वा.” पाणी मिळालं तर बरं वाटेल! पाणी आलं, मग तो आपण होऊनच बसला. एका स्वराची चूक होती, आणि त्या दिवसापासून ती माझ्याकडून पुन्हा झाली नाही.

आता से-शब्द कुठे ठेवायचा. चालवलेल्या क्रियापदाच्या लगेच आधी. नकार आला तर तो त्याच्याही आधी: ‘नो मे लेवान्तारीआ’. मागे चिकटवून ‘लेवान्तारीआमे’ आज कुणी म्हणत नाही. दोन क्रियापदं असतील, म्हणजे ‘मला उठायला हवं’ अशा जातीचं वाक्य असेल, तर से-शब्द पहिल्याच्या आधी किंवा दुसऱ्याच्या शेपटाला, दोन्ही चालतं: मे देबेरीआ लेवान्तार किंवा देबेरीआ लेवान्तारमे. मध्ये अधांतरी ‘देबेरीआ मे लेवान्तार’ नाही. गंमत अशी की हा ‘ईआ’ मूळचा वेगळा शब्द. मूळ क्रियापद अधिक ‘आबेर’ या सहायक क्रियापदाचा भूतकाळ, अशी त्याची घडण, आणि जुन्या स्पॅनिशमध्ये से-शब्द या दोहोंच्या मधोमध बसू शकायचा. शेजारच्या पोर्तुगीजमध्ये तो लिखाणात अजूनही तिथे बसतो. ‘आबेर’शी हे नातं आठवलं की शेपटं पाठ करावी लागत नाहीत, ‘आबीआ’ची शेपटंच ती.

खरा मुद्दा आता. ‘से’ला मराठीत एक शब्द नाही म्हणून आपण गोंधळतो. पुस्तकं सांगतात की ‘से’ म्हणजे ‘स्वतःला’, आणि विद्यार्थी ‘मी स्वतःला उठवतो’ असं काहीतरी डोक्यात घोकत बसतात. अहो, कोण बोलतं असं? आपल्याकडे हे काम शब्दाच्या पोटातच होतं. उठवणे हे लेवान्तार, उठणे हे लेवान्तारसे. बसवणे सेंतार, बसणे सेंतारसे. तोडणे रोम्पेर, तुटणे रोम्पेर्से. जाळणे केमार, जळणे केमारसे. भिजवणे मोहार, भिजणे मोहारसे. विझवणे आपागार, विझणे आपागारसे. निजवणे आकोस्तार, निजणे आकोस्तारसे. वाळवणे सेकार, वाळणे सेकारसे. आजीने शिकवलेलं हे व्याकरण आहे, आपण त्याला व्याकरण म्हणत नाही एवढंच. दुसऱ्यावर करायची क्रिया असेल तर से नाही, आपल्यापाशीच घडून संपणारी असेल तर से. दार उघडणे आपल्याला दोन्हीकडे एकच शब्द देतं (मी दार उघडलं, दार उघडलं), तिथे फक्त सावध राहा: पहिलं आब्रीर, दुसरं आब्रीर्से.

अंगाच्या अवयवांचंही तसंच. आपण ‘मी हात धुतले’ म्हणतो, ‘मी माझे हात धुतले’ म्हणणारा माणूस बँकेच्या पत्रासारखा वाटतो. स्पॅनिशचीही रीत तीच: मे लावारीआ लास मानोस. ‘मिस मानोस’ म्हणायला आपल्याला इंग्रजीने शिकवलं.

काही क्रियापदांत मात्र ही जोडी चालत नाही. तिथे मराठीची जोड-क्रियापदं मदतीला येतात. ईर म्हणजे जाणे, ईर्से म्हणजे निघून जाणे. दोर्मीर म्हणजे झोपणे, दोर्मीर्से म्हणजे डोळा लागणे. कोमेर खाणे, कोमेर्से खाऊन टाकणे. येवार नेणे, येवार्से घेऊन जाणे. भरीत-भाकरीच्या पंगतीला बसलात आणि ‘मे कोमेरीआ तोदो’ म्हणालात तर ‘सगळं फस्त करीन’ असा अर्थ होतो, आणि वाढणारीला तो बरोबर कळतो. लाइट जाण्याचंही असंच आहे. शेतकऱ्याच्या जिवाभावाचा विषय, म्हणून सांगते. लॅटिन अमेरिकेत लाइट गेली तर ‘से फ्वे ला लुस’ म्हणतात, शब्दशः आपलंच. ‘से इरीआ ला लुस’ म्हणजे लाइट जाईल. आपल्याकडे पंप चालू करायची वेळ झाली की ती जातेच, तिथे कंडिशनल वापरायची गरज नाही.

आणि ‘हातून’. मराठीत ‘माझ्या हातून पेला पडला’ म्हणतो, म्हणजे मी पाडला नाही, पडला तो, मी मध्ये होतो एवढंच. स्पॅनिशमध्ये नेमकी हीच सोय आहे: से मे कायो एल वासो. आधी से, मग ज्याच्या हातून झालं त्याचा मे, ते, ले. कंडिशनलमध्ये ‘से मे कायेरीआ’, माझ्या हातून पडेल. ‘से मे ओल्विदारीआ’, माझ्या लक्षातून जाईल. इंग्रजीत या वाक्यांची पार दैना होते. आपल्याला ती पहिल्या दिवशी कळतात.

आता जिथे मराठी आपल्याला फसवते ती जागा, आणि तुमचं पहिलं वाक्य. ‘उठलो असतो’. या एका रूपात आपण दोन गोष्टी कोंबतो. ‘तुझ्या जागी मी असतो तर लवकर उठलो असतो’: यात काही घडून गेलेलं नाही, सल्ला आहे, आज किंवा उद्याचा. स्पॅनिश: यो के तू, मे लेवान्तारीआ तेंप्रानो. आणि ‘काल लवकर उठलो असतो तर’: वेळ हातची गेली. तिथे साधा ‘ईआ’ पुरत नाही, आबेर आणून जोडरूप करावं लागतं: मे आब्रीआ लेवान्तादो. से-शब्द आब्रीआच्या आधी, ‘लेवान्तादो’ला कधीही चिकटत नाही. हा आब्रीआ लिहिताना पुढे न उच्चारला जाणारा एच असतो. तो विसरलात तर ते आब्रीर म्हणजे उघडणे याचं ‘उघडत होतं’ होतं, उच्चार अगदी एकच. परीक्षेत दारं उघडत बसू नका.

ओळखायची युक्ती साधी: ‘काल की उद्या?’ असं स्वतःलाच विचारा. भुसावळ स्टेशनावर उभे आहात, गाडीचा लाल दिवा लांब जाताना दिसतोय, तर काल. जोडरूप. गाडी अजून यायची आहे, किंवा नुसती कल्पना करताय, तर उद्या. साधं रूप. मराठीत ‘गाडी मिळाली असती’ हे दोन्हीकडे तसंच राहतं, फरक आपण पहिल्या भागात दाखवतो: ‘रोज लवकर उठत असतो तर’ आणि ‘लवकर उठलो असतो तर’. कान देऊन ऐका, आपल्या आयाबहिणी हा फरक बिनचूक करतात.

पहिल्या भागाचं दुसरं पथ्य. ‘सी’ म्हणजे ‘तर’च्या आधीचा ‘जर’. त्याच्या भागात ईआ-वाला कंडिशनल येत नाही, तिथे सब्जंक्टिव्हचा, म्हणजे न घडलेल्या, कल्पनेतल्या गोष्टींच्या रूपाचा, भूतकाळ येतो. मराठीत ‘असतो तर… असतो’ असं दोन्ही अंगाला एकच रूप लागतं, म्हणून आपला हात आपसूक दोन्हीकडे ईआ लिहितो. ही खास आपली चूक आहे. गंमत म्हणजे स्पेनच्या उत्तरेला, बास्क प्रांताच्या बाजूला, माणसं बोलताना ‘सी’च्या पुढेही ईआ लावतात, पण प्रमाण भाषेत ते चालत नाही आणि तुमच्या परीक्षकाला तर नाहीच. तेव्हा उद्याची गोष्ट असेल तर: सी मे लेवान्तारा तेंप्रानो, नो पेर्देरीआ एल त्रेन. कालची असेल तर: सी मे उब्येरा लेवान्तादो तेंप्रानो, नो आब्रीआ पेर्दीदो एल त्रेन. तुम्हाला कालची हवी होती, म्हणून दुसरं.

आणि ‘मे पेर्देरीआ’मधला मे गेला, लक्षात आलं का? गाडी चुकणे म्हणजे पेर्देर एल त्रेन, साधं, से नसलेलं. पेर्देर्से म्हणजे वाट चुकणे, हरवणे. मराठीत गाडीही चुकते, वाटही चुकते, शब्द एकच. एखादा कार्यक्रम, सोहळा हुकला तर तिथे पेर्देर्से चालतं, पण गाडीला नाही. तुमच्या एका वाक्यात तीन खड्डे होते, म्हणून त्या बिचाऱ्याने समजावून न सांगता रेघ मारली असेल.

इथे बायकांसाठी एक गोष्ट. मी म्हणणार ‘उठले असते’, तुम्ही म्हणणार ‘उठलो असतो’. स्पॅनिशमध्ये आपण दोघंही मे आब्रीआ लेवान्तादो. माझ्या वर्गातल्या मुली हमखास ‘लेवान्तादा’ लिहितात, कारण मराठी त्यांना क्रियापदातच बाई करते. आबेरबरोबर हे रूप बदलत नाही. बदलतं ते विशेषण: मी ‘मे पोंद्रीआ नेर्व्योसा’, तुम्ही ‘मे पोंद्रीआ नेर्व्योसो’. आणि डोळा लागला असता तर मी ‘मे केदारीआ दोर्मीदा’, तुम्ही ‘दोर्मीदो’.

दुसरं वाक्य, लहानपणी पाचला उठायचं. ही चूक शुद्ध इंग्रजीची आहे. तिथे ‘वुड’ने जुनी सवय सांगता येते, म्हणून तुम्ही ईआ लावला. मराठीत ‘उठायचो’ आहे, ‘उठलो असतो’ नाही. मराठीतून विचार केला असता तर हात तिकडे वळलाच नसता. सवयीला स्पॅनिशमध्ये भूतकाळाचं चालू रूप: नोस लेवान्ताबामोस आ लास सिंको. ‘नोस लेवान्तारीआमोस’ ऐकणाऱ्याला ‘आम्ही पाचला उठलो असतो’ असं कळतं, आणि तो पुढचं ‘पण’ ऐकायला थांबतो. ‘उठायचो’, ‘जायचो’, ‘आंघोळ करायचो’ असं मनात आलं की आबा किंवा ईआ यातला कोणता? आर गटाला आबा: लेवान्ताबा. एर आणि ईर गटाला ईआच लागतो, पण तो कापलेल्या बुडख्याला: दोर्मीआ म्हणजे झोपायचा, दोर्मिरीआ म्हणजे झोपला असता. मधला तो एक ‘रि’ नीट ऐका. केरेरमध्ये तर फरक केवळ एका र चा: केरीआ म्हणजे हवं होतं, केर्रीआ म्हणजे हवं असतं, दुसऱ्यात र घोळवायचा.

अंदाजाचाही एक उपयोग सांगून ठेवते, कारण तो आपल्याला फुकटात मिळतो. काल रात्री फोन उचलला नाही, तर आपण म्हणतो ‘झोप लागली असेल’. स्पॅनिश: से केदारीआ दोर्मीदो. गेलेल्या वेळेबद्दलचा अंदाज ईआने करतात. दहा वाजले असतील (तेव्हा) म्हणजे ‘सेरीआन लास द्येस’. आजच्या घटकेचा अंदाज असेल तर मात्र भविष्यकाळ.

‘मे गुस्तारीआ’बद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण पुढच्या महिन्यात विचाराल. त्यातला मे से-कुटुंबातला नाही. तो ‘मला’ आहे. मला आवडेल: मे गुस्तारीआ. तुमच्याकडे ‘मले’, अमळनेर-धुळ्याकडे ‘माले’, काहीही म्हणा, आवडणारी वस्तू कर्ता असते आणि आपण ‘ला’ लावून बाजूला बसतो. म्हणून अनेक वस्तू असतील तर मे गुस्तारीआन. से-वाल्या क्रियापदात मे म्हणजे मी आणि क्रियापदही माझ्याच पावलाने चालतं. ‘मी’ की ‘मला’, एवढं मराठीत म्हणून पाहिलं की मे कोणत्या घरचा ते कळतं. इंग्रजी माध्यमाच्या मुलांना हे समजावण्यात माझा एक अख्खा आठवडा जातो.

सरावाला एक काम देते, माझ्या वर्गात पहिल्या महिन्यातच देते. आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) गावी जाता आलं नाही, असं धरा, आणि गेलो असतो तर काय केलं असतं ते सहा-सात वाक्यांत लिहा. मनातल्या मनात रंगवत असाल तर साधा ईआ पुरे. एका विद्यार्थिनीच्या वहीतलं हे, मी एक-दोन जागा नीट केल्या आहेत:

‘एन मी प्वेब्लो मे लेवान्तारीआ आ लास सिंको, मे बान्यारीआ कोन आग्वा देल पोसो, मे पोंद्रीआ ऊना कामीसा लिंप्या इ मे सेंतारीआ देबाहो देल निम. मी आब्वेला से एनोहारीआ कोन्मीगो इ लुएगो नोस रेइरीआमोस. आल फिनाल नो मे केर्रीआ ईर.’

गावात पाचला उठेन, विहिरीच्या पाण्याने आंघोळ करेन, धुतलेला सदरा घालेन, निंबाखाली बसेन. आजी रागावेल, मग आम्ही हसू. शेवटी निघावंसंच वाटणार नाही. पाहा, प्रत्येक क्रियापदापाशी मे पुन्हा आला आहे. मराठीत ‘मी’ एकदा म्हटलं की पुढे गाळता येतं, म्हणून पहिल्या खर्ड्यात तिने दुसऱ्या क्रियापदापासून मे गाळले होते, आणि आंघोळ आजीला घातली की कुणाला ते कळेना. ‘नो मे केर्रीआ ईर’मध्ये मे पुढे सरकला आहे, ‘नो केर्रीआ ईर्मे’ही तितकंच बरोबर. स्पेनमध्ये ‘एनोहारसे’ऐवजी ‘एन्फादारसे’ जास्त ऐकाल.

जाता जाता धंद्याचं एक. केळी खपणे हे ‘से’ने सांगतात: आकी से वेंदेरीआन ब्येन, इथे चांगली खपतील. विकणे वेंदेर, खपणे वेंदेर्से, पुन्हा तीच जोडी. इक्वाडोरमध्ये निर्यातीच्या केळ्याला बानानो म्हणतात, घरात गिनेओ. तिथे प्लातानो म्हटलं तर भाजीच्या, शिजवायच्या केळीचा भाव सांगतील. स्पेनमध्ये मात्र प्लातानो म्हणजे आपलं खायचं केळ.

तिसरं वाक्य राहिलं. साहेब म्हणाले, मी दोन दिवस थांबेन. मराठीत दुसऱ्याचं बोलणं सांगताना त्याचा ‘मी’ आपण तसाच ठेवतो आणि ‘थांबेन’ही. ‘बाबा म्हणाले मी येतो’ म्हटल्यावर ऐकणाऱ्याला कोण येणार याचा घोळ होत नाही. स्पॅनिशमध्ये ‘दीहो के’ आलं की माणूस सांगणाऱ्याच्या जागेवरून मोजायचा. साहेब तिसरा माणूस, म्हणून मे नव्हे, से. आणि म्हणणं भूतकाळात गेलं म्हणून थांबेनचं ‘केदारीआ’ झालं, ते तुम्ही बरोबर केलंत. मेक्सिकोच्या शाळेत या रूपाला पोसप्रेतेरितो म्हणतात, म्हणजे गेलेल्या क्षणापासून पुढचं, आणि या उपयोगासाठी ते नाव कंडिशनलपेक्षा मला आवडतं. तुमचं वाक्य: एल सेन्योर दीहो के से केदारीआ दोस दीआस. तुम्ही लिहिलं होतं त्याचा अर्थ, साहेब म्हणाले की *तुम्ही* दोन दिवस थांबाल. मालकाने तुमची सुट्टी रद्द केली असती.

साहेब पुढच्या वेळी आले की त्यांना विचारा, “¿से केदारीआ आ कोमेर?” आपल्या ‘जेवायला थांबाल का?’ची अदब यात आहे. आपण इथे थांबाल, बसाल असं भविष्यकाळाचं रूप वापरतो, म्हणून मुलं ‘से केदारा’ म्हणतात. पण ते ‘थांबणार आहात का’ अशी नुसती चौकशी होते. उस्तेद मनात धरलं आहे म्हणून से, ते नाही, ओसही नाही. उत्तर बहुधा ‘मे एन्कान्तारीआ’ येईल. त्यातला मे ‘मला’वाला आहे, मला फार आवडेल. तो ओळखलात की कळण्याच्या भाकरीचा तवा तापत ठेवायला सांगा.